तार तुटली, दोष कुणाचा?

वाचकांचे प्रश्न : या वेळची सगळी पत्रं सहसंबंधाची

प्रश्न : बाई, आमचा अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बारा मागांचा. आधी वडील बघायचे, आता मी बघतो. उन्हाळा लागला की ताण्याच्या तारा, म्हणजे मागावरचे उभे धागे, फार तुटतात. म्हणून महिनाभर मी रोज तीन गोष्टी वहीत लिहिल्या. दिवसात तारा किती वेळा तुटल्या, कामगार पाण्याला-चहाला किती वेळा माग सोडून उठले आणि दुपारचं तापमान. मेहुण्यानं कॉम्प्युटरवर उठण्याचा आणि तार तुटण्याचा सहसंबंध काढला. ०.७१ आला. तो म्हणतो, एवढा मोठा आकडा आहे, कामगारांचं उठणं बंद कर, तारा तुटायच्या आपोआप थांबतील. मला पटत नाही. पण आकड्याला मी काय उत्तर देऊ? सोबत वहीची पानं पाठवतो.
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : मेहुण्याचं ऐकून तुम्ही लगेच हुकूम सोडला नाहीत, याबद्दल आधी तुमचे आभार मानते. माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत विणकाम खात्यात होते. भोंग्यावर निघायचे आणि परत यायचे ते भुवयांवर कापसाची पिंज घेऊन. चैत्र-वैशाखात आमच्या घरात एकच बोलणं असायचं, 'आज तार धरेना.' तार तुटली की कापडात दोष राहायचा आणि दोष राहिला की पगारातून पैसे कापले जायचे. वडील म्हणायचे, हवा कोरडी आहे, तिथं तार काय करणार आणि मी तरी काय करणार. पण मुकादमाच्या वहीत कोण किती वेळ मागावर नव्हता याची नोंद होती, हवेची नव्हती. जे लिहिलेलं होतं तेच खरं धरलं गेलं. पुढं मी संख्याशास्त्र घेतलं, चौतीस वर्षं शिकवलं, आणि सहसंबंधाचा धडा आला की दर वर्षी मला ती वही आठवायची. तुमच्या वहीत तिसरा रकाना आहे. तो तुम्ही नेमानं भरलात म्हणूनच आज मला उत्तर देता येतंय.

आधी त्या ०.७१ कडे बघू. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं वर-खाली होतात हे सांगणारा, उणे १ ते अधिक १ मधला आकडा. तो एवढंच सांगतो की ज्या दिवशी उठणं रोजच्या सरासरीपेक्षा जास्त झालं, त्या दिवशी तारा तुटणंही बहुतेक वेळा सरासरीपेक्षा जास्त होतं. कुणामुळं काय झालं, हे त्यात कुठंच नाही. मेहुण्याला म्हणावं, रकान्यांची अदलाबदल करून बघ. आधी तारा घाल, मग उठणं घाल. आकडा पुन्हा ०.७१च येईल. मग माणूस उठला म्हणून तार तुटली असं म्हणायला जेवढा आधार आहे, तेवढाच तार तुटली म्हणून माणूस उठला असं म्हणायलाही आहे. आणि ते घडतंही. तार तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची, आणि परत चालू करण्याआधी माणूस दोन घोट पाणी पिऊन घेतो. चार पावलं मागांच्या खडखडाटाबाहेर जाऊन येतो. तुमच्या वहीत हेही 'उठणं' म्हणूनच लिहिलं गेलं असणार.

आता तिसरा रकाना. पाठवलेल्या पानांवरून मी उरलेले दोन सहसंबंध काढले. तापमान आणि कामगारांचं उठणं यांचा आला ०.८५. तापमान आणि तारा तुटणं यांचा ०.८०. म्हणजे ऊन चढलं की माणसाला तहान लागते आणि ऊन चढलं की तारही तुटते. दोघंही एकाच धन्याची चाकरी करतायत, म्हणून जोडीनं चालल्यासारखे दिसतात.

हे नुसतं बोलून सोडायचं नाही, मोजताही येतं. दोन्हींमधून तापमानाचा वाटा काढून घेतला तर मागं काय उरतं, हे बघायचं. याला आंशिक सहसंबंध म्हणतात. कागद घ्या. ०.८५ गुणिले ०.८० म्हणजे ०.६८. तो ०.७१ मधून वजा केला, उरले ०.०३. आता खालचा भाजक. १ मधून ०.८५ चा वर्ग वजा केला की ०.२७७५ येतात, १ मधून ०.८० चा वर्ग वजा केला की ०.३६. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की साधारण ०.३१६. आणि ०.०३ भागिले ०.३१६ म्हणजे ०.०९ च्या आसपास. मेहुण्याचा ०.७१ इथवर घसरला. सारख्याच उन्हाचे दिवस एकमेकांशी ताडून पाहिले, तर कामगार किती वेळा उठले याचा तारांशी सांगण्याजोगा संबंध उरत नाही. महिन्याभराच्या नोंदीत ०.०९ हा नसल्यातच जमा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगते. तार तापमानानं तुटत नाही, कोरडेपणानं तुटते. सुती धागा ओलावा धरून असला की जास्त ताकदीचा असतो, आणि खळ दिलेला ताणा कोरड्या हवेत ठिसूळ होतो. वडिलांच्या गिरणीत छताजवळून पाण्याचा फवारा सोडायची सोय होती ती त्यासाठीच. आपल्याकडे एप्रिलात ऊन आणि कोरडेपणा हातात हात घालून येतात, म्हणून तापमानाचा रकाना कोरडेपणाची जागा चालवून घेतो. तरी शेडमध्ये दोन साधे तापमापक टांगा. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून ठेवा. दोन्हींच्या आकड्यांत जेवढं अंतर जास्त, तेवढी हवा कोरडी. तो चौथा रकाना सुरू करा.

आणि खरंखोटं करायचंच असेल तर पुढचे वीस दिवस रोज सकाळी नाणं उडवा. छापा पडला तर शेडमध्ये पाणी मारायचं, खिडक्यांना ओली गोणपाटं लावायची (मोटरी आणि वायरिंगपासून लांब, हे सांगायला नकोच). काटा पडला तर नेहमीसारखं चालू द्यायचं. नाणं कशाला, असं विचाराल. तुम्ही स्वतः दिवस निवडलेत तर जास्त उन्हाच्याच दिवशी पाणी माराल, आणि मग पाण्यानं काय केलं आणि उन्हानं काय केलं हे वेगळं काढता येणार नाही. नाण्याला ऊन कळत नाही. वीस दिवसांनी छाप्याच्या दिवसांची आणि काट्याच्या दिवसांची सरासरी शेजारी शेजारी मांडा आणि मला पाठवा.

तोवर पाणी प्यायला उठणारी माणसं उठू द्यात. पत्र्याखालच्या शेडमध्ये बेचाळीस अंशांत उभ्या असलेल्या माणसाचं पाणी कुठल्याही आकड्यासाठी तोडू नये.

प्रश्न : मॅडम, मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहसंबंध गुणांकाचं सूत्र मला पाठ आहे, गणित सोडवते, मार्कही मिळतात. पण आपण काय काढतोय हे कळत नाही. गुणाकार का करायचा आणि खाली वर्गमूळानं भागायचं ते कशासाठी?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मार्क मिळत असूनही तू हे विचारलंस! अशी एक मुलगी वर्गात असली की शिकवायला हुरूप यायचा.

पार्क चौकात लिंबू सरबताची गाडी आहे असं धर. पाच दिवसांचं तापमान ३८, ३९, ४०, ४१, ४२. त्या त्या दिवशी खपलेले ग्लास ६०, ७०, ६५, ८५, ९५. तापमानाची सरासरी ४०, ग्लासांची ७५. आता प्रत्येक दिवस आपापल्या सरासरीपासून किती लांब आहे ते लिही. तापमानाचे फरक उणे २, उणे १, ०, १, २. ग्लासांचे उणे १५, उणे ५, उणे १०, १०, २०.

गुणाकार का, ते इथं दिसतं. पहिल्या दिवशी तापमान सरासरीच्या खाली आणि खपही खाली. उणे गुणिले उणे, अधिक ३०. शेवटच्या दिवशी दोन्ही वर, अधिक ४०. दोघं एकाच बाजूला गेले की गुणाकार अधिक येतो. एक वर आणि एक खाली गेला की उणे येतो. म्हणजे हा गुणाकार रोज एक मत टाकतो, 'आज दोघं बरोबर होते' किंवा 'आज विरुद्ध होते', आणि जितके दोघं सरासरीपासून लांब तितकं मत वजनदार. पाच दिवसांची मतं ३०, ५, ०, १०, ४०. बेरीज ८५.

पण ८५ काय? अंश-ग्लास? असलं एकक कुणी ऐकलेलं नाही. उद्या ग्लासांऐवजी लिटर घेतले, सेल्सिअसऐवजी फॅरेनहाइट घेतलं की ८५ चा भलताच आकडा होईल आणि गाडीवरचा धंदा तर तोच आहे. म्हणून खाली भागायचं. तापमानाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, ग्लासांच्या फरकांची ८५०. गुणाकार ८५००, वर्गमूळ ९२.२. आणि ८५ भागिले ९२.२ म्हणजे ०.९२. एककं वर-खाली कटली, आणि आकडा उणे १ ते अधिक १ च्या कुंपणात आला. आता तो सरबताच्या गाडीचा असो नाहीतर टॉवेलच्या कारखान्याचा, एकमेकांशेजारी ठेवता येतो. ०.९२ चा वर्ग केलास तर ०.८५ मिळतात. म्हणजे खपातल्या चढउतारापैकी ८५ टक्के भाग तापमानाच्या सरळ रेषेनं सांगता येतो, उरलेला १५ टक्के आणखी कशाचा तरी.

हे सूत्र आज ज्या रूपात तू पाठ केलंस ते कार्ल पिअरसननं १८९६ मध्ये मांडलं. कल्पना मात्र त्याच्या आधी फ्रान्सिस गॉल्टनची, १८८८ मधली. त्यानं काय मोजलं होतं माहीत आहे? माणसाची उंची आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. हा आपला 'हात'! मंदिरासमोर फुलवाली गजरा मोजून देते तोच. उंची आणि हात यांचा सहसंबंध त्याला ०.८ मिळाला. उंच माणसाचा हात बहुतेक वेळा लांब, पण दर वेळी नाही. हे 'बहुतेक वेळा' किती पक्कं आहे, हेच तो आकड्यात पकडायला निघाला होता. हात लांब आहे म्हणून माणूस उंच झाला असं कुणी म्हणेल का? दोन्ही एकाच अंगाची वाढ. म्हणून मी वर्गात हेच उदाहरण आधी द्यायचे.

तुझ्या पुस्तकात क्रमांकांचा सहसंबंधही असेल, स्पिअरमनचा, १९०४ चा. मापच नसेल, नुसते नंबर असतील तेव्हा तो वापर. शेंगाचटणीच्या स्पर्धेत पाच वाट्या आहेत. एका परीक्षकानं त्यांना १, २, ३, ४, ५ असे नंबर दिले, दुसऱ्यानं त्याच वाट्यांना २, १, ३, ५, ४. फरकांच्या वर्गांची बेरीज ४. सहानं गुणून २४, पाच वाट्यांसाठी भाजक १२०, भागाकार ०.२, तो १ मधून वजा केला की ०.८. दोघांच्या जिभा बऱ्याच जुळतात.

दोन गोष्टी मात्र गाठीशी बांध. पहिली, सूत्राला हात लावण्याआधी ठिपके काढ. आडवं तापमान, उभे ग्लास, दर दिवसाचा एक ठिपका. हा गुणांक फक्त सरळ रेषा ओळखतो, वळण त्याला दिसत नाही. समजा कांद्याला पाण्याच्या पाळ्या दिल्या ८, ९, १०, ११, १२ आणि उत्पादन आलं ४, ७, ८, ७, ४ टन. करून बघ, सहसंबंध बरोबर शून्य येतो. पाण्याचा आणि कांद्याचा संबंध नाही असं कुठल्या शेतकऱ्याला सांगशील? पाणी कमी पडलं तरी वाईट आणि जास्त झालं तरी वाईट, ही गोष्ट ठिपक्यांत एका नजरेत दिसते. टेकडीसारखी उभी असते.

दुसरी, नोंदी किती ते बघ. काहीही संबंध नसलेल्या दोन गोष्टींच्या पाच-पाच नोंदी घेतल्या, तरी शंभरात पाच वेळा ०.८७८ च्याही पलीकडचा गुणांक, अधिक किंवा उणे, नुसत्या योगायोगानं येतो. दहा नोंदी घेतल्या तर ही हद्द ०.६३२ वर येते, तीस घेतल्या तर ०.३६१ वर. म्हणून आपल्या सरबताच्या ०.९२ वर गाडीवाल्यानं जादा लिंबं भरावीत इतपत ठीक आहे, पण पाच दिवसांच्या जोरावर कर्ज काढू नये. आणि एक्सेलमध्ये 'कोरेल' म्हणून जे फंक्शन आहे ते हेच सगळं एका क्षणात करतं. वापर की. पण पाच नोंदींचं एक गणित आधी हातानं केलेलं असू दे.

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पात सहसंबंध उणे ०.४ आला आहे. आमच्याकडे उजनी उणे चाळीस टक्के म्हटलं की पोटात गोळा येतो. हेही तसंच काहीतरी वाईट आहे का? की उणे म्हणजे संबंधच नाही?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही नाही. उजनीचा उणे आणि हा उणे वेगळे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृत साठा आणि वरचा ५३.५७ उपयुक्त. शून्य टक्के ही रेष मृत साठ्याच्या माथ्यावर मारलेली आहे, म्हणून पाणी त्या खाली गेलं की वर्तमानपत्रात 'उणे' छापून येतं. तिथं उणे म्हणजे रेषेखाली गेलो. सहसंबंधातलं उणे हे फक्त दिशेचं चिन्ह आहे. एक वाढलं की दुसरं कमी होतं, एवढंच. उन्हाळ्यात दिवस सरतात तशी उजनी उतरते, हा जवळपास उणे १ चा संबंध. खूप पक्का, पण उलट दिशेचा. उणे ०.४ आणि अधिक ०.४ सारख्याच ताकदीचे. संबंध नाही असं म्हणायचं ते आकडा शून्याच्या जवळ आला तर, आणि तेव्हाही वर सांगितलेली कांद्याची टेकडी आठवावी. मुलीनं किती नोंदी घेतल्यात ते मात्र तुम्ही कळवलं नाहीत. दहाच असतील तर उणे ०.४ वर तिनं काही ठासून लिहू नये.

प्रश्न : बाई, मी मंगळवेढा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मालदांडी ज्वारी करतो. आमचे आजोबा कावळ्याचं घरटं बघून पाऊस सांगायचे. आंब्यावर, करंजावर घरटं केलं तर पाऊस बरा. बाभळीवर, काटेरी झाडावर केलं तर पाऊस ओढ देणार. आता टीव्हीवर सांगतात, तिकडं पॅसिफिक समुद्र तापला म्हणून आपल्याकडं पाऊस कमी. समुद्र कुठं आणि मंगळवेढा कुठं! एकाला अडाणीपणा म्हणायचं आणि दुसऱ्याला शास्त्र, ते कशावरून?
– एक शेतकरी

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. लांब-जवळ यावरून शास्त्र ठरत नाही, हे तुम्ही बरोबर धरलंत. मग कशावरून ठरतं? वहीवरून. आणि वही कधी लिहिली यावरून.

पॅसिफिकची गोष्ट सांगते. १८९९-१९०० च्या दुष्काळानं देश होरपळला होता. त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती आपल्या हवामान खात्याचा प्रमुख झाला आणि १९२४ पर्यंत राहिला. मान्सूनचं कोडं समीकरणांनी सुटेना. तेव्हा त्यानं जगभरातल्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, बर्फाचे आकडे मागवले आणि खात्यातल्या भारतीय कारकुनांकडून हजारो सहसंबंध काढून घेतले. सगळे हातानं. तू-मी आज जे बटण दाबून करतो ते त्या माणसांनी महिनोन् महिने बसून केलं, आणि त्यांची नावं आपल्याला कुणी शिकवली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. त्या राशीतून एक गोष्ट वर आली. पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो आणि इकडे चढला की तिकडे उतरतो, तागडीच्या दोन पारड्यांसारखं. आणि या तागडीशी आपल्या पावसाचं नातं आहे. असं का होतं, हे वॉकरला सांगता आलं नाही. समुद्राच्या तापण्याशी त्याची सांगड जेकब बियर्कनेसनं घातली ती १९६९ मध्ये. म्हणजे सहसंबंध आधी सापडला आणि कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. तेवढी वर्षं ज्यांनी शंका घेतली त्यांचं काही चुकलं नव्हतं.

याच वॉकरनं एक इशारा देऊन ठेवलाय, तो तुमच्या कावळ्यालाही लागू आहे आणि खात्यालाही. पुष्कळ गोष्टी तपासल्या आणि त्यांतली जी सर्वांत चांगली जुळली तीच उचलली, तर ती योगायोगानं जुळलेली असण्याची भीती मोठी. पावसाशी काडीचा संबंध नसलेल्या वीस गोष्टी घ्या, त्यांतली सरासरी एक तरी शंभरात पाचच्या कसोटीला 'खरी' उतरते. आजोबांच्या काळात कावळा होता, टिटवीची अंडी होती, मुंग्या होत्या, वाऱ्याची दिशा होती. ज्या वर्षी जे जुळलं ते गावाच्या लक्षात राहिलं. जे जुळलं नाही ते कुणी मोजलं नाही.

खात्यालाही हा फटका बसला. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं प्रारूप वापरात होतं. आपल्या पुण्याच्या माणसानं देशाच्या पावसाचा अंदाज बांधला याचा मला फार अभिमान होता, वर्गात सांगायचे. बरीच वर्षं ते चाललं. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा आणि पाऊस झाला ८१ टक्के. जुलै कोरडा गेला. नंतर तपासताना दिसलं की सोळांतल्या काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध मधल्या काळात क्षीण झाला होता. पुढच्याच वर्षी खात्यानं ते प्रारूप बदललं. माझ्या लेखी गोवारीकरांचं मोठेपण यानं कमी होत नाही. घटक कोणते ते उघड होते, अंदाज आधी छापलेला होता, म्हणूनच कुठं बिनसलं ते शोधता आलं. सहसंबंध हा कायमचा करार नव्हे, काळाबरोबर तो ढिला पडू शकतो.

एल निनोचंही, म्हणजे पॅसिफिकच्या त्या तापण्याचंही, तसंच. १९९७ मध्ये तो प्रचंड होता आणि देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला. २०१५ मध्येही मोठा होता, तेव्हा पाऊस ८६ टक्क्यांवर थांबला आणि पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. 'बहुतेक वेळा' या शब्दाचा अर्थ हा असा असतो.

आणखी एक, जे टीव्हीवर कुणी सांगत नाही. एल निनोचा जो संबंध सांगतात तो सगळ्या देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीशी. ती सरासरी म्हणजे तुमचं रान नव्हे. उजनीचंच बघा. आपल्याकडे आभाळ कोरडं असतं आणि उजनी भरून भीमा दुथडी वाहते, कारण ते पाणी वर पुणे जिल्ह्यातल्या घाटांत पडलेलं असतं. तुमच्या ज्वारीला उजनीची टक्केवारी काय कामाची? तुम्हाला हवी सप्टेंबरची ओल, उत्तरा-हस्ताचा पाऊस. तेव्हा तुमच्या मंडळाच्या पावसाचे जुने आकडे तहसीलमधून किंवा कृषी कार्यालयातून मिळवा आणि फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरचे वेगळे काढा. देशाच्या सरासरीपेक्षा तुमच्या पेरणीला ते जवळचे.

आता कावळा. त्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत वासराची भाकणूक होते ती श्रद्धेची गोष्ट, तिला मी तराजू लावायला जात नाही. पण घरटं ही डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे, ती तपासता येते. एक शंभर पानी वही करा. दर वर्षी शिवारातली सापडतील तेवढी घरटी मोजा, आंबा-करंजावर किती आणि बाभळी-बोरीवर किती. शेवटी, दिवाळीनंतर, त्या वर्षीचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहा. आपल्याला आवडेल तशी नव्हे, सगळीच वर्षं लिहायची, जुळलेली आणि न जुळलेलीही. दहा वर्षं झाली की आंब्यावरच्या घरट्यांचा वाटा आणि पाऊस यांचा सहसंबंध मी काढून देईन. मी नसले तर वर पत्र लिहिणारी ती मुलगी देईल. दहाच वर्षं असतील तर ०.६३२ ची हद्द ओलांडलेली हवी. तेवढं भरलं तर मी स्वतः मंगळवेढ्याला येऊन ती झाडं बघेन.

फक्त एक अट पाळा. घरट्यांचा आकडा लिहिला की खाली तारीख घाला आणि शेजारच्या कुणाची तरी सही घ्या. तारीख ७ जूनच्या आतली हवी, मृग लागायच्या आधीची.